वेगळं न झालेलं शिसं

सोमवारच्या कटलेटमध्ये रविवारची भाजी असते की नसते, हा वाद आपल्या हॉस्टेलमध्ये दर सेमिस्टरला एकदा तरी होतोच. मेस कमिटीची मीटिंग बसते, मेसवाले काका सगळं ताजं असल्याची शपथ घेतात आणि मंगळवारपासून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हा वाद पुराव्यानिशी निकालात काढणारा एक माणूस शंभराहून जास्त वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचं नाव जॉर्ज दे हेवेसी.

१९११ साली हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा हंगेरियन तरुण मँचेस्टरमध्ये एका बाईंच्या खाणावळीत राहात होता. रविवारी तिथं चांगलं मटण मिळायचं. पण पुढचे तीन-चार दिवस जे काही पानात पडायचं त्याची चव त्याला ओळखीची वाटू लागली. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, छे, आमच्याकडे रोज ताजं. मग एका रविवारी जेवण झाल्यावर या गड्याने पानात उरलेल्या तुकड्यांवर प्रयोगशाळेतला किरणोत्सारी पदार्थ कणभर टाकून ठेवला. दोन-तीन दिवसांनी तो जेवणाच्या टेबलावर सुवर्णपत्र इलेक्ट्रोस्कोप घेऊनच बसला. नवीन पदार्थ आला, इलेक्ट्रोस्कोप जवळ नेला आणि उघडलेली सोन्याची पानं मिटली. अकरावीच्या पुस्तकातला हाच तो इलेक्ट्रोस्कोप. किरणांमुळे हवेत आयन तयार होतात, पानांवरचा विद्युतभार निघून जातो आणि पानं मिटतात. रविवारचं मटण रंगेहाथ सापडलं. (आपल्या मेसमध्ये कुणी हे करायला जाऊ नये. काकांच्या आधी रेक्टर सर पकडतील, आणि अन्नात किरणोत्सारी पदार्थ घालणं हा आज सरळसरळ गुन्हा आहे.)

ही गोष्ट सांगोवांगी थोडी वाढली असेल. पण तिच्यात जी युक्ती आहे तिच्यावर आज जगभरातले न्यूक्लिअर मेडिसिन विभाग चालतात. मी इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी गॅमा कॅमेरा हा विषय घेतला आणि वाचता वाचता या माणसापाशी येऊन थांबलो. यंत्र राहिलं बाजूला, माणसातच जास्त अडकलो.

हेवेसीचा जन्म १ ऑगस्ट १८८५ ला बुडापेस्टचा. घर श्रीमंत, खाणी आणि जमीनजुमला असलेलं. वंशाने ज्यू, पण धर्म कॅथलिक. आठ भावंडांतला हा पाचवा. शिक्षण मात्र एका जागी झालं नाही. बुडापेस्ट, मग बर्लिन, तिथं न्यूमोनिया झाला म्हणून हवापालटाला फ्रायबुर्ग आणि १९०८ ला तिथंच डॉक्टरेट. नंतर झुरिच. नंतर कार्ल्सरूहला फ्रित्स हाबरकडे. हाबरने दिलेल्या प्रश्नासाठी विद्युतवाहकता मोजण्याचं जे तंत्र लागत होतं ते शिकायला तो मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफोर्डकडे आला आणि तिथंच रमला. रदरफोर्डचं नाव आपल्याला सोन्याच्या पत्र्याच्या प्रयोगामुळे माहीत आहे. अणूला केंद्रक असतं हे त्याने त्याच १९११ साली मांडलं.

आता शिशाची गोष्ट. ऑस्ट्रियाच्या राज्यातल्या योआखिमस्ताल इथल्या खाणीतून पिचब्लेंड निघायचं. त्यातून रेडियम काढून घेतल्यावर शिशाचा मोठा साठा उरायचा. तो ऑस्ट्रियन सरकारने रदरफोर्डला भेट दिला होता. त्या शिशात रेडियम-डी नावाचा एक किरणोत्सारी पदार्थ दडलेला होता. रदरफोर्डला तो शुद्ध हवा होता, पण शिसं मध्ये तडमडत होतं. त्याने या नव्या पोराला बोलावून सांगितलं, की अंगात पाणी असेल तर हे रेडियम-डी शिशापासून वेगळं करून दाखव.

हेवेसीने जवळजवळ दोन वर्षं घालवली. साके बनवले, विरघळवले, स्फटिक केले, विद्युत अपघटन केलं. रेडियम-डी काही शिशाची साथ सोडेना. व्हिएन्नाच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये फ्रिडरिश पानेट नावाचा रसायनतज्ज्ञ हाच खटाटोप करत होता, तोही थकला. आज आपल्याला कारण माहीत आहे. रेडियम-डी म्हणजे शिसंच, लेड-२१०. साधं शिसं म्हणजे मुख्यतः २०६, २०७ आणि २०८. केंद्रकातले न्यूट्रॉन कमीजास्त, पण रसायनाच्या दृष्टीने अगदी एकच. फ्रेडरिक सॉडीने समस्थानिक हा शब्दच १९१३ च्या अखेरीस आणला. म्हणजे ज्या गोष्टीला अजून नाव नव्हतं तिच्याशी हा दोन वर्षं झटापट करत होता.

आपल्यापैकी कुणाचं बीईचं प्रोजेक्ट असं फसलं असतं तर गाईडला सांगून टॉपिक बदलला असता. हेवेसीने प्रश्नच उलटा केला. हे दोन पदार्थ कुठल्याच रसायनाला वेगळे ओळखू येत नसतील, तर रेडियम-डी साध्या शिशात मुद्दाम मिसळावं. शिसं जिथं जाईल तिथं ते जाईल. आणि शिसं मुकं असलं तरी ते बोलतं.

गुराखी कळपातल्या एका गाईच्या गळ्यात घंटा बांधतो तसंच हे. अंधारात गाई दिसत नाहीत, पण घंटेचा आवाज ज्या दिशेने येतो तिकडे कळप आहे हे कळतं. अट एकच, घंटा बांधलेली गाय बाकीच्यांसारखीच चालली पाहिजे. ती बिथरून भलतीकडे गेली तर घंटेचा उपयोग शून्य.

१९१३ च्या सुरुवातीला हेवेसी व्हिएन्नाला गेला आणि पानेटबरोबर त्याने ही युक्ती पहिल्यांदा वापरली. लेड सल्फाइड आणि लेड क्रोमेट पाण्यात किती विरघळतात, हा प्रश्न होता. ते इतके कमी विरघळतात की तराजूवर काही कळत नाही. समजा, १ ग्रॅम शिशात इतकं रेडियम-डी मिसळलं की उपकरणावर १० लाख एकक वाचन येतं. मग त्या शिशाचा क्रोमेट करून पाण्यात ढवळला, गाळला, आणि वरच्या नितळ पाण्यात १ एकक वाचन आलं, तर त्या पाण्यात १ मायक्रोग्रॅम शिसं आहे. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, हिशेब मात्र असाच. वजन न करता वजन काढायची ही रीत. सिग्नल कितीही बारीक असो, तो बाकी कशाशी गल्लत होणार नाही असा असला की झालं, हे आपल्या इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना वेगळं सांगायला नको.

पुढं महायुद्ध आलं. मँचेस्टरमधला त्याचा मित्र हेन्री मोझली १९१५ च्या ऑगस्टमध्ये गॅलिपोलीला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गोळी लागून मेला. हेवेसी स्वतः समोरच्या बाजूच्या, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात तांत्रिक कामावर होता. मोझलीने क्ष-किरणांवरून मूलद्रव्यांचे अणुक्रमांक ठरवण्याची पद्धत काढली होती आणि तिच्यातून आवर्तसारणीतली काही रिकामी घरं उघडी पडली होती. त्यातलं ७२ नंबरचं घर पुढं हेवेसीनेच भरलं.

मँचेस्टरमध्ये त्याची नील्स बोरशी दोस्ती झाली होती. युद्धानंतर बुडापेस्टमध्ये राजकीय धुमाकूळ होता, तेव्हा बोरने त्याला कोपनहेगनला बोलावून घेतलं. ७२ नंबरचं मूलद्रव्य झिर्कोनियमच्या जातकुळीचं असलं पाहिजे, असं बोरचं म्हणणं. हेवेसी आणि डर्क कोस्टर या डच मित्राने झिर्कोनियमची खनिजं घेतली, त्यांच्यावर मोझलीची पद्धत चालवली आणि ७२ च्या रेषा सापडल्या. डिसेंबर १९२२ मध्ये बोर स्टॉकहोमला नोबेलचं भाषण द्यायला गेला होता. कोस्टरने त्याला ऐन वेळी फोन करून बातमी दिली आणि बोरने ती भाषणात जाहीर करून टाकली. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून मूलद्रव्याचं नाव हाफ्नियम ठेवलं. झिर्कोनियम हा शब्द मात्र लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

पण माझ्या मते हाफ्नियमपेक्षा मोठं काम १९२३ चं, आणि ते दिसायला अगदी साधं. हेवेसीने घेवड्याच्या जातीच्या एका शेंगेची रोपं किरणोत्सारी शिसं घातलेल्या पाण्यात ठेवली आणि मुळात किती गेलं, खोडात किती, पानात किती, ते मोजलं. बहुतेक शिसं मुळाशीच थांबत होतं. जिवंत वस्तूवर केलेला हा या युक्तीचा पहिला प्रयोग. अडचण ही की शिसं विषारी. जीव त्याला स्वतःहून घेत नाही, म्हणजे घंटा होती पण कळपातली गाय नव्हती.

गाय मिळाली १९३४ मध्ये. पॅरिसला आयरीन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी कृत्रिम किरणोत्सर्ग शोधला आणि साध्या मूलद्रव्यांचीही किरणोत्सारी रूपं बनवता येतील हे दिसलं. त्याच वर्षी हेवेसीने एक प्रयोग केला, ज्यात किरणोत्सर्ग नव्हताच. हायड्रोजनचा जड समस्थानिक असलेलं जड पाणी नुकतंच मिळू लागलं होतं. ते साध्या पाण्यात थोडं मिसळून माणसाला प्यायला द्यायचं आणि मग रोजच्या लघवीची घनता अतिशय बारकाईने मोजत बसायचं. हॉफर नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्याने हिशेब काढला, की प्यायलेलं पाणी माणसाच्या शरीरात सरासरी सुमारे १३ दिवस राहतं. आज सकाळी प्यायलेल्या ग्लासातला एखादा रेणू पुढच्या आठवड्यातल्या युनिट टेस्टपर्यंत आपल्याबरोबर असू शकतो, हे वाचून मी जरा चाटच पडलो.

या काळात त्याचं स्वतःचं बिऱ्हाड पुन्हा मोडलं होतं. १९२६ पासून तो फ्रायबुर्गला प्राध्यापक होता. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि वंशाने ज्यू असलेल्या माणसाला तिथं भवितव्य राहिलं नाही. १९३४ मध्ये तो बायको आणि मुलांसह पुन्हा कोपनहेगनला, बोरकडे आला.

तिथं न्यूट्रॉन सोडणाऱ्या रेडियम-बेरिलियमच्या स्रोताजवळ कार्बन डायसल्फाइड ठेवून त्याने गंधकापासून फॉस्फरस-३२ बनवला आणि ओले चिएवित्झ या डॉक्टरबरोबर उंदरांना खाऊ घातला. १९३५ मध्ये निकाल छापला. हाडातला फॉस्फरस एकदा बसला की कायमचा बसला, असं तोवर सगळे धरून चालत. प्रत्यक्षात जुने अणू बाहेर पडत होते, नवे आत येत होते. उंदराच्या शरीरात फॉस्फरसचा एक अणू सरासरी दोनेक महिने थांबतो, असा हिशेब निघाला. हाड म्हणजे सिमेंटचा खांब नाही, तर हॉस्टेल आहे. खोल्या त्याच, पोरं बदलतात.

बोरच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, त्याच वर्षी, हेवेसीने वर्गणी काढली. एक लाख क्रोनर जमले. त्यातून बोरला काय भेट दिली असेल? ६०० मिलिग्रॅम रेडियम. अर्थात ते हेवेसीच्याच प्रयोगांना जास्त उपयोगी पडलं. वर्गणी काढावी तर अशी.

९ एप्रिल १९४० ला जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या. बोरच्या संस्थेत माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेलची सोन्याची पदकं सांभाळायला ठेवलेली होती. जर्मनीतून सोनं बाहेर पाठवणं हा तेव्हा गंभीर गुन्हा होता आणि पदकांवर तर नावं कोरलेली. ती सापडली असती तर लाउएचं काय झालं असतं ते सांगायला नको, कारण तो जर्मनीतच होता. हेवेसीने ती पुरून ठेवायची सुचवण केली. बोरला ते पटलं नाही, कारण पुरलेलं उकरता येतं. मग बाहेर रस्त्यावरून सैन्य चालत असताना हेवेसी प्रयोगशाळेत पदकं अम्लराजात विरघळवत बसला. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं ते मिश्रण सोन्यालाही खातं हे आपण पाठ केलेलं असतं, पण दोन पदकांएवढं सोनं विरघळायला किती वेळ लागत असेल याचा विचार कुणी केलेला नसतो. हे काम फार सावकाश चालतं. शेवटी नारिंगी द्राव बरणीत भरून फळीवर ठेवून दिला. जर्मनांनी संस्था ताब्यात घेतली, झडती घेतली, पण त्या बरणीकडे कुणी पाहिलं नाही. युद्धानंतर द्राव जागेवरच होता. त्यातून सोनं परत काढलं आणि नोबेल फाउंडेशनने त्याची पुन्हा पदकं पाडून दिली. खाणावळीत त्याने लपवलेलं उघडं पाडलं होतं, इथं उघडं होतं ते लपवलं. दोन्ही वेळा भरवसा एकाच गोष्टीवर, द्रवात गेला तरी अणू नाहीसा होत नाही.

१९४३ मध्ये डेन्मार्कमधल्या ज्यूंची धरपकड सुरू झाली, तेव्हा हेवेसी स्वीडनला निसटला. १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं, जाहीर झालं १९४४ मध्ये. स्टॉकहोममध्ये त्याने उंदरांच्या गाठींवर काम केलं. फॉस्फरस-३२ देऊन गाठीत नवीन डीएनए किती वेगाने बनतं आणि क्ष-किरण दिले की तो वेग किती उतरतो, ते मोजलं. म्हणजे गाठ कशी दिसते यापेक्षा गाठ काय खाते आणि काय करते, हा प्रश्न त्याने तेव्हाच विचारला होता. ५ जुलै १९६६ ला फ्रायबुर्गला तो गेला, वयाच्या ८० व्या वर्षी. २००१ मध्ये त्याच्या अस्थी बुडापेस्टला नेऊन पुन्हा पुरल्या.

आता हा विषय आपल्या ब्रँचच्या हद्दीत येतो. हेवेसी नमुना काढून मोजत असे. म्हणजे रोप कापायचं, उंदीर मारायचा. जिवंत माणसाच्या आत घंटा कुठं वाजते आहे ते बाहेरून बघायचं तर कॅमेरा हवा. तो १९५७ मध्ये बर्कलीला हॅल अँगर या विद्युत अभियंत्याने बनवला. सोडियम आयोडाइडचा चार इंची स्फटिक आणि त्याच्यामागे सात फोटोमल्टिप्लायर नळ्या. गॅमा किरण स्फटिकावर आदळला की अंधुक चमक होते. जी नळी जवळ तिला जास्त प्रकाश, लांबच्या नळीला कमी. सातही सिग्नलची भारित बेरीज केली की चमक कुठं झाली त्याचे एक्स आणि वाय मिळतात. बस्स, इतकंच. आपण सेकंड इयरला ऑप अँपवर समर करतो, त्याचाच थोरला भाऊ. पण गॅमा किरणाला भिंग चालत नाही, मग तो कुठल्या दिशेने आला ते कसं कळणार? त्यासाठी स्फटिकापुढं भोकं पाडलेली जाड पाटी लावतात. सरळ येणारे किरण भोकातून जातात, तिरपे पाटीत अडकतात. ही पाटी शिशाची असते. रदरफोर्डला जे शिसं नकोसं झालं होतं, ते असं कॅमेऱ्याच्या तोंडाशी येऊन बसलं.

घंटा म्हणून आज सर्वात जास्त चालतो तो टेक्नेशियम-९९एम. अर्धआयुष्य ६ तास, गॅमाची ऊर्जा १४० किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट. कॅमेऱ्याला पुरेसा आणि रुग्णाच्या अंगात फार न रेंगाळणारा. तो मोलिब्डेनम-९९ च्या जनरेटरमधून रोज सकाळी काढतात, आणि या जनरेटरला जगभर गाय म्हणतात, काढण्याला दूध काढणं. वरची गाईची उपमा मी आधी लिहिली होती, हे नंतर कळलं! आपल्याकडे मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे.

या सगळ्याचं माझ्यापुरतं कारण वेगळंच होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या मामांची पित्ताच्या खड्यासाठी सोनोग्राफी झाली आणि त्यात उजव्या किडनीवर ३ सेंटिमीटरची गाठ दिसली. त्रास काही नव्हता. सीटी स्कॅन केला. त्यात गाठ भरीव आहे एवढं कळलं, आणि अशी गाठ बहुतेक वेळा कॅन्सर असते, म्हणून ती काढतात. पण मामांची डावी किडनी जुन्या मुतखड्याने आधीच आक्रसलेली. उजवीला धक्का लागला तर डायलिसिस. मामींनी ते ऐकल्यावर दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.

किडनीतल्या भरीव गाठींमध्ये सुमारे ३ ते ७ टक्के गाठी ऑन्कोसायटोमा नावाच्या असतात. त्या निरुपद्रवी, पण सीटीवर कॅन्सरसारख्याच दिसतात. कितीतरी लोकांच्या किडन्या कापल्यावर मग कळतं की कापायची गरज नव्हती. फोटोत फरक नाही, वागण्यात मात्र आहे. ऑन्कोसायटोमाच्या पेशी मायटोकाँड्रियांनी ठासून भरलेल्या असतात. सेस्टामिबी नावाचा एक धनभारित रेणू मायटोकाँड्रियाकडे ओढला जातो. हृदयाच्या तपासणीसाठी तो मोठ्या रुग्णालयांत असतोच. टेक्नेशियम बांधलेला सेस्टामिबी शिरेतून दिला, की निरोगी किडनी तो घेते आणि ऑन्कोसायटोमाही घेतो. किडनीचा नेहमीचा कॅन्सर, क्लिअर सेल जातीचा, बहुधा घेत नाही, घेतलेला बाहेरही फेकतो. म्हणजे इथं चमकणारी गाठ चांगली आणि काळी गाठ वाईट. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी २०१६ मध्ये ५० रुग्णांवरचा अभ्यास छापला. सहा ऑन्कोसायटोमांपैकी पाच चमकले. पण क्रोमोफोब नावाच्या कॅन्सरच्या काही गाठीही चमकतात, त्यामुळे नुसत्या या स्कॅनवर कुणी निर्धास्त होत नाही.

मामांना इंजेक्शन देऊन तासाभराने टेबलावर घेतलं. कॅमेऱ्याची दोन डोकी त्यांच्याभोवती फिरत होती आणि मी काचेपलीकडून मॉनिटर बघत होतो. आधी नुसते ठिपके पडतात, एक एक गॅमा मोजला जातो. मग हळूहळू आकार उठतो. उजवी किडनी भरत गेली, आणि सीटीवर जिथं गाठ होती तिथं खड्डा पडला नाही. डॉक्टरांनी तेवढ्यावर काही सांगितलं नाही. सुईने तुकडा काढून तपासला, तोही ऑन्कोसायटोमाच्या बाजूचा निघाला. गाठ अजून आहे. दर सहा महिन्यांनी मोजतात. पहिल्या वर्षात २ मिलिमीटर वाढली, तेव्हा सगळ्यांची झोप उडाली होती, कारण निरुपद्रवी गाठही वाढते हे डॉक्टर सांगतात तरी ऐकणाऱ्याला धीर धरवत नाही. मामा मात्र दोन्ही किडन्यांसकट शेतावर जातात.

याच्या उलट घंटाही आता आली आहे. क्लिअर सेल कॅन्सरच्या पेशींवर कार्बॉनिक अनहायड्रेज-९ नावाचं एक प्रथिन उघडं असतं. नेमकं त्यालाच चिकटणारं जिरेंटक्सिमॅब हे प्रतिपिंड आहे. त्याला किरणोत्सारी अणू बांधून पेट स्कॅन केला की कॅन्सरच चमकतो. २०२४ मध्ये छापलेल्या मोठ्या चाचणीत ३०० रुग्णांना हे इंजेक्शन दिलं होतं. जिथं कॅन्सर होता तिथं सुमारे ८५ टक्के वेळा स्कॅनने तो बरोबर दाखवला, नव्हता तिथं ८७ टक्के वेळा नाही म्हणून सांगितलं. आणि बांधलेला अणू कुठला, तर झिर्कोनियम-८९. ज्या झिर्कोनियमच्या खनिजात हेवेसीला हाफ्नियम सापडलं, तेच मूलद्रव्य. फ्लोरीन-१८ सारखा नेहमीचा अणू इथं चालत नाही, कारण त्याचं अर्धआयुष्य दोन तासांहूनही कमी, आणि प्रतिपिंड हा बोजड रेणू, रक्तातून गाठीपर्यंत पोचायला त्याला काही दिवस लागतात. झिर्कोनियम-८९ चं अर्धआयुष्य ७८ तास. म्हणून रुग्णाला इंजेक्शन देऊन घरी पाठवतात आणि फोटो काढायला साधारण पाचव्या दिवशी परत बोलावतात.